सामायिक नकाशा, शिळा कारभार : या चुका टाळा

रस्ता रुंद झाला, नदीनं पात्र बदललं, वस्ती वाढली, की नकाशा जुना झाला हे कोणीही सांगेल. पण त्या नकाशात बदल करायला कोणाची सही लागते, कुठला थर (रस्ते, नद्या, हद्दी अशी एकेका विषयाची माहिती) कोणी सांभाळायचा, चूक सापडली तर कळवायचं कोणाला, हे नियमही तितक्याच वेगानं जुने होतात. ते पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. दहा-बारा खाती, काही कंपन्या, दोन-चार विद्यापीठं मिळून भौगोलिक डेटाची सामायिक व्यवस्था उभी करतात आणि पाच-सात वर्षांनी ती कुरकुरायला लागते. मग सर्व्हर बदलतात, नवं सॉफ्टवेअर येतं, सल्लागार येतात. कुरकुर तशीच राहते.

अशा व्यवस्थांच्या बैठकांना मी बरीच वर्षं बसलो आहे. बिघाड शोधत गेलं की माग बहुतेक वेळा एखाद्या जुन्या ठरावापाशी जाऊन थांबतो. पुढच्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पैशाची आणि परवान्याची चूक सगळ्यात महाग पडते, तेव्हा तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

## पहिल्या दिवसाची समिती कायमची समजणं

सुरुवातीला समितीत ज्यांच्याकडे डेटा आहे तेच असतात: सर्वेक्षण, जमीन, पाणी, रस्ते सांभाळणारी खाती. यात गैर काही नाही. पहिली काही वर्षं काम एकच असतं, कपाटातले नकाशे बाहेर काढायचे आणि एकावर एक नीट बसवायचे. डेटा बाहेर आला की वापरणारे वाढतात. आपत्तीत धावणारे येतात, विमावाले येतात, संशोधक येतात, ॲप बनवणारे येतात. समितीत मात्र तीच मंडळी. लक्षण ओळखायला सोपं आहे. पूर्वी खातेप्रमुख यायचे, मग त्यांचे साहाय्यक यायला लागले, आता त्या दिवशी ज्याला दुसरं काम नाही तो येतो. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ वाढतं आणि ‘ठरलं’ कमी होत जातं.

अमेरिकेत संघीय भौगोलिक डेटा समिती १९९० मध्ये स्थापन झाली. एप्रिल १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १२९०६ क्रमांकाचा आदेश काढून भौगोलिक डेटाच्या राष्ट्रीय व्यवस्थेची घोषणा केली. बाहेरच्या जाणकारांची राष्ट्रीय सल्लागार समिती आली ती २००८ मध्ये, आणि कायदा झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये. आदेश ते कायदा हे अंतर २४ वर्षांचं. आदेशावर चालणारी समिती विनंती करते, कायद्यावर चालणारी हिशेब मागते. या कायद्यानं तर खात्यांच्या कामाची दर दोन वर्षांनी महानिरीक्षकांकडून (खात्यांचा कारभार स्वतंत्रपणे तपासणारे अधिकारी) तपासणी घालून दिली. समितीचं नाव तेच राहिलं, पण अधिकार, उत्तरदायित्व आणि खुर्च्यांवरची माणसं सगळं बदललं.

युरोपात गाडी उलट्या टोकानं निघाली. तिथे आधी कायदा आला. भौगोलिक डेटा सामायिक करण्यासाठीचा युरोपीय संघाचा २००७ चा इन्स्पायर निर्देश, ३४ विषय, आणि टप्प्याटप्प्यानं २०२१ पर्यंतची मुदत. चौदा वर्षांच्या आराखड्यात मधल्या काळात काय काय बदलेल हे आधी कोण सांगणार? मुदत संपता संपता खुल्या डेटाचा निर्देश आला आणि त्याच्या आधारानं ‘उच्च मूल्याच्या’ डेटासंचांचा नियम आला. तो जून २०२४ पासून लागू झाला आणि त्यात भौगोलिक डेटा हा सहा गटांपैकी एक आहे. इन्स्पायरमध्ये डाउनलोडसाठी शुल्क घ्यायला वाव होता, नव्या नियमात या यादीतला डेटा फुकट द्यायचा आहे. एकाच थरावर आता दोन नियम लागू, आणि प्रश्न कुठल्या टेबलावर न्यायचा हेच बदललेलं.

माझा उपाय साधा आहे आणि दर वेळी लोक त्यावर नाक मुरडतात. समितीच्या स्थापनेच्या कागदावरच मुदत लिहा. तीन वर्षांनी समिती आपोआप बरखास्त. पुन्हा हवी असेल तर कोण बसणार, कशासाठी, कोणाच्या वतीनं, हे नव्यानं मांडा. मुदत नसलेली समिती म्हणजे भिजत घोंगडं.

## ‘तात्पुरती’ सूट देऊन विसरणं

ही चूक छोटी वाटते, म्हणून एक मोठं उदाहरण देतो. १९५९ मध्ये अमेरिकेनं फुटाची व्याख्या बदलली. नवा आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. पण भूमापनाचं सगळं जाळं जुन्या फुटात होतं. मग ठरलं की जाळ्याची फेरमांडणी होईपर्यंत भूमापकांनी जुना फूट वापरावा. फेरमांडणी १९८६ मध्ये झालीसुद्धा. जुना फूट गेला नाही. काही राज्यांनी नवा घेतला, काहींनी जुना ठेवला, काहींनी कायद्यात लिहिलंच नाही. शेवटी ३१ डिसेंबर २०२२ नंतर तो अधिकृत वापरातून काढला. तात्पुरती सूट ६३ वर्षं चालली.

दोन फुटांमधला फरक दहा लाखांत दोन एवढाच आहे. मापनपट्टीवर तो दिसणारही नाही. पण राज्याच्या निर्देशांक पद्धतीत (जागा आकड्यांत सांगायची पद्धत) एखादा बिंदू आरंभबिंदूपासून २० लाख फूट दूर असला, तर तोच फरक चार फुटांचा होतो. एका खात्याची भिंत दुसऱ्या खात्याच्या रस्त्यात येते. मग दोघेही आपापल्या सर्वेक्षकाला धारेवर धरतात, आणि दोन्ही सर्वेक्षक बरोबर असतात.

तुमच्या व्यवस्थेत असा ‘फूट’ कुठे आहे ते शोधा. ‘सध्या’, ‘तूर्त’, ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द जुन्या ठरावांत शोधले की सापडतो. प्रत्येक सवलतीपुढे तारीख आणि ती संपवण्याची जबाबदारी असलेल्या पदाचं नाव लिहा. पदाचं म्हणतोय. माणसं बदलून जातात.

## पोर्टललाच व्यवस्था समजणं

पोर्टलचं, म्हणजे डेटा शोधून देणाऱ्या संकेतस्थळाचं, उद्घाटन करता येतं, फोटो निघतात. कारभाराचं उद्घाटन होत नाही. म्हणून पैसा पोर्टलवर जातो. अमेरिकेतच पाहा: नव्वदच्या दशकात क्लिअरिंगहाऊस, मग जिओस्पेशियल वन-स्टॉप, मग जिओप्लॅटफॉर्म. दर वेळी जुने पत्ते मेले आणि अहवालांतल्या तळटिपा आंधळ्या झाल्या.

याच्या उलट ईपीएसजी संकेतांक. निर्देशांक पद्धतींना ४३२६ किंवा ३८५७ असे क्रमांक देणारी ही नोंदवही तेल कंपन्यांच्या युरोपीय सर्वेक्षण गटानं सुरू केली. २००५ मध्ये तो गट तेल उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत विलीन झाला. गट गेला, नाव आणि क्रमांक मात्र जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच चालू आहेत. कारण एक शिस्त पाळली गेली: क्रमांक एकदा दिला की तो दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. चुकीचा ठरला तर ‘वापरू नये’ असा शिक्का मारायचा, पुसायचा नाही. (वेब नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपणाला, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडायच्या रीतीला, ही मंडळी आधी क्रमांकच द्यायला तयार नव्हती. मग लोकांनी ९००९१३ हा क्रमांक स्वतःच ठरवून वापरला. 900913 हे इंग्रजी आकडे अक्षरांसारखे वाचले की गूगल दिसतं. नियमवाल्यांनी दार लावलं की लोक खिडकीतून येतात.)

पोर्टल बदलताना दुवे तुटत असतील, तर डेटासंचाची ओळख पोर्टलच्या पत्त्याला बांधलेली आहे असं समजा. ती सोडवा. ओळखक्रमांक वेगळा, तो सांभाळणारा वेगळा, पोर्टल वेगळं.

## विक्रीतून खर्च निघेल असं धरून चालणं

ही चूक प्रत्येक पिढी नव्यानं करते, आणि दर वेळी अंदाजपत्रक मांडणारा हुशारच असतो.

पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची गोष्ट घ्या. १९८४ च्या कायद्यानं अमेरिकेनं या चित्रांचं व्यापारीकरण केलं आणि १९८५ पासून इओसॅट कंपनीकडे काम गेलं. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठांनी घेणं सोडलं. जी चित्रं विकली जाण्याची आशा नव्हती त्यांच्याकडे लक्ष देण्यात कंपनीला रस नव्हता. १९९२ मध्ये कायदा फिरवला. १९९९ मध्ये गेलेल्या लँडसॅट ७ ची चित्रं सुमारे ६०० डॉलरला मिळू लागली. २००१ हे विक्रीचं सगळ्यात चांगलं वर्ष, आणि त्यात विकली गेली सुमारे २५ हजार चित्रं. २००८ मध्ये सगळा साठा फुकट करायचं ठरलं. त्यानंतर वर्षभराच्या आसपास दहा लाखांवर चित्रं उतरवून घेतली गेली. उपग्रह तेच होते, चित्रंही तीच. बदलला तो निर्णय.

डेन्मार्कनं हाच धडा पत्त्यांच्या बाबतीत घेतला. २००२ मध्ये तिथे अधिकृत पत्त्यांचा डेटा खुला करायचा करार झाला. नंतर झालेल्या सरकारी अभ्यासात २००५ ते २००९ या काळातला थेट आर्थिक फायदा सुमारे ६ कोटी २० लाख युरो निघाला, खर्च २० लाखांच्या घरात.

आणि हा धडा न घेतलेलं उदाहरण ब्रिटनचं. तिथली टपाल पत्त्यांची यादी रॉयल मेलकडे होती. २०१३ मध्ये रॉयल मेलचं खासगीकरण झालं आणि ही यादीही सोबत गेली. देशभर ज्या यादीवर रुग्णवाहिकेपासून मतदारयादीपर्यंत कामं चालतात, ती एका कंपनीची मालमत्ता झाली. २०१४ मध्ये संसदेच्या लोकप्रशासन समितीनं ही विक्री चूक होती असं स्पष्ट म्हटलं. तोवर सौदा होऊन गेला होता.

इथे बारकाईनं पाहायची गोष्ट अशी. यादी वेगळी विकली गेली नाही, ती कंपनीच्या पोटात होती. सामायिक डेटा एखाद्या संस्थेच्या पोटात असतो तेव्हा त्या संस्थेचं जे होईल ते त्याचं होतं. संस्था विकली जाईल, दोन खाती एक होतील, मंत्रालय बदलेल. म्हणून डेटाच्या हक्काचा करार संस्थेच्या कराराहून वेगळा, आणि संस्थेच्या आधी लिहून ठेवा.

ऑस्ट्रेलियानं मधला मार्ग काढला. पीएसएमए ही संस्था १९९३ मध्ये पुढच्या जनगणनेच्या नकाशांसाठी उभी राहिली. संघराज्य, सहा राज्यं आणि दोन प्रदेश अशा नऊ सरकारांची ती सामायिक मालमत्ता. पत्त्यांचा राष्ट्रीय संच आधी विकत मिळायचा, २०१६ मध्ये तो खुला झाला, कारण केंद्रानं खर्च उचलला. २०२० मध्ये संस्थेचं नाव जिओस्केप झालं. तीस वर्षांत उद्देश बदलला, पैशाचा स्रोत बदलला, नावही बदललं. तरी पत्त्यांचा संच टिकला, कारण मालक नऊ होते आणि एकट्याला काहीच विकता येत नव्हतं. नऊ मालकांची बैठक किती रटाळ होत असेल याची कल्पना मला आहे. पण कधी कधी तो रटाळपणाच कामी येतो.

विक्रीचा आकडा अंदाजपत्रकात दिसला की मी दोन प्रश्न विचारतो. यातली किती रक्कम सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार? आणि बिलं बनवायला, परवाने तपासायला किती माणसं लागणार? दुसऱ्या प्रश्नानंतर बहुधा चहा येतो.

## परवान्याचं नंतर पाहू म्हणणं

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं. कोणीही यावं, नकाशात भर घालावी. परवाना होता क्रिएटिव्ह कॉमन्सचा, लेख आणि चित्रं यांच्यासाठी घडवलेला. डेटाबेसला तो नीट लागू होतो का, यावर पुढे शंका उभी राहिली. परवाना बदलायचं ठरलं. पण हक्क प्रत्येक भर घालणाऱ्याचा, तेव्हा प्रत्येकाला विचारणं आलं. काहींनी नकार दिला, काहींचे ईमेल बंद, काहींना प्रकल्प आठवतही नसेल. २०१२ च्या जुलैमध्ये संमती न मिळालेली भर नकाशातून काढायला एक बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) चालवावा लागला. १२ सप्टेंबर २०१२ ला नवा खुला डेटाबेस परवाना लागू झाला. जगभराच्या मानानं गेलेला डेटा थोडा होता, पण ऑस्ट्रेलिया आणि पोलंडमध्ये ठिकठिकाणी भोकं पडली. ज्यांनी रस्ते पायी फिरून काढले होते त्यांना तेच रस्ते पुन्हा काढावे लागले.

यातून निघालेली सगळ्यात शहाणी गोष्ट परवान्यात सापडत नाही, ती भर घालणाऱ्यांच्या अटींत आहे. पुढे कधी पुन्हा परवाना बदलायचा तर तो मुक्त आणि खुलाच असेल, ओपनस्ट्रीटमॅप चालवणाऱ्या प्रतिष्ठानच्या सदस्यांचं मतदान होईल, आणि सक्रिय भर घालणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची मंजुरी लागेल. ‘सक्रिय’ कोण हेही लिहिलं: गेल्या बारा महिन्यांपैकी किमान तीन महिन्यांत नकाशात काम केलेला, चालू ईमेल असलेला आणि विचारल्यावर तीन आठवड्यांत उत्तर देणारा. बेपत्ता माणसाचा नकाराधिकार संपला.

खात्यांच्या व्यवस्थांमध्ये हेच दुखणं वेगळ्या वेशात येतं. पंधरा खात्यांनी आपापला थर ‘सहकार्यानं’ दिलेला असतो. कुठल्या अटीवर, हे एका पत्रात असतं. पत्र सापडत नाही. मग एक दिवस एखादं खातं म्हणतं, आमचा थर काढा. तुमचा थर खुला करता येईल का, असं विचारल्यावर उत्तर ‘तपासून सांगतो’ असं येत असेल तर बिघाड इथेच आहे. आज बसून प्रत्येक थरामागे चार ओळी लिहा: दिला कोणी, कुठल्या अटीवर, अट बदलायची तर कोण बदलणार, आणि देणारं खातंच उरलं नाही तर हक्क कोणाकडे. चौथी ओळ लिहिताना सगळे गप्प होतात. तरी लिहा.

## थर सरकला की सॉफ्टवेअरला शिव्या घालणं

झटपट निदान. नकाशा भलत्याच खंडात किंवा समुद्रात पडला, तर अक्षांश-रेखांशांचा क्रम पाहा. इंटरनेटवरून नकाशे पुरवणाऱ्या डब्ल्यूएमएस सेवेच्या १.१.१ आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ साठी आधी रेखांश येतो, १.३.० मध्ये आधी अक्षांश. कोणी तरी सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला आणि वापरणाऱ्यांना कळवलं नाही. सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला शून्य-शून्यवर जमले असतील, तर रिकाम्या रकान्याला कोणी शून्य धरलं आहे.

सगळा थर एकाच दिशेला एक-दोन मीटर सरकला असेल, तर संदर्भ प्रणाली (निर्देशांक ज्या आधारावर मोजतात ती) बदलली असण्याची शक्यता मोठी. ऑस्ट्रेलियाचं भूपटल वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. १९९४ ची प्रणाली सोडून २०२० ची घेतली तेव्हा सगळे निर्देशांक सुमारे १.८ मीटरनं बदलले. जमीन सरकते ही भूशास्त्राची बाब, पण नवे आकडे कोणत्या दिवशी घ्यायचे, कोणत्या खात्यानं आधी, जुने किती दिवस सोबत ठेवायचे, हे कोणाला तरी ठरवावं लागतं. ठरवायला कोणी नसेल तर प्रत्येक खातं आपल्या सोयीनं जातं, आणि काही वर्षं निम्मे थर जुन्या जमिनीवर, निम्मे नव्या.

## सगळ्या भिडूंना एकाच मापानं मोजणं

रविवारी चार इमारती काढणारा स्वयंसेवक आणि शेकडो माणसं पगारावर बसवून नकाशा भरणारी कंपनी, दोघांनाही एकच नियम पुरत नाही. ओपनस्ट्रीटमॅपनं २०१८ मध्ये संघटित संपादनासाठी मार्गदर्शक सूत्रं केली: कोण करतंय, कशासाठी, कुठल्या स्रोतावरून, हे आधी सांगा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी लिनक्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या छत्राखाली ओव्हर्चर मॅप्स हा खुल्या नकाशा-डेटाचा प्रकल्प सुरू केला. तो ओपनस्ट्रीटमॅपचा डेटाही घेतो. म्हणजे समुदायानं भरलेला डेटा आता दुसऱ्या एका मंडळाच्या टेबलावरही मोजला-मापला जातो. चांगलं की वाईट, यावर भांडत बसण्यापेक्षा आपल्या व्यवस्थेत अशी नवी टेबलं कुठे मांडली गेलीत ते आधी पाहावं.

## बाहेर पडायचं दार कुठे आहे ते न ठरवणं

लोकांना गूगलच्या नकाशात भर घालू देणारं गूगल मॅप मेकर २००८ मध्ये आलं, मार्च २०१७ मध्ये बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं भरलेली माहिती कुठे जाईल हे कंपनीनं ठरवलं, भरणाऱ्यांनी नाही. तुमची व्यवस्था बंद झाली तर शेवटची पूर्ण प्रत कोण ठेवणार, किती वर्षं, कोणत्या स्वरूपात, एवढं एका पानावर मावतं.

## दोन खात्यांच्या दोन रेघा

शेवटी रोजची कटकट. एकाच हद्दीची दोन खात्यांची दोन रेघा, मध्ये वीस मीटरची फट. लोक काय करतात? मधोमध तिसरी रेघ मारतात. ती कोणाचीच नसते, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. असं करू नका. दोन्ही रेघा ठेवा, प्रत्येकीवर तिचा मालक आणि तारीख लिहा, आणि कोणत्या कामासाठी कोणती चालेल ते नोंदवा: कराच्या कामाला ही, आपत्तीच्या कामाला ती. वाद मिटवायचा अधिकार डेटा सांभाळणाऱ्याकडे नसतो, ‘इथे वाद आहे’ एवढं नोंदवायचा असतो. ती नोंद कोणी पुसायला सांगितली, तर सांगणाऱ्याचं पद आणि तारीखही त्याच रकान्यात लिहा.